जाड रंगाचं चित्र घेताना आणि सांभाळताना

खोलीत अंधार करा आणि टॉर्च चित्राच्या बाजूने, कॅनव्हासला जवळजवळ टेकवून धरा. अभिव्यक्तिवादी, म्हणजे भावना जोरकस रंग-आकारांतून मांडणाऱ्या, चित्राची पहिली तपासणी हीच. पॅलेट नाइफने (रंग लावायच्या पातळ सुरीने) थापलेल्या रंगाचे उंचवटे, भेगा, सुटू लागलेले पोपडे, सगळं सावल्यांतून उठून दिसतं. भारतीय चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या १९६० च्या दशकातल्या, काळ्यावर काळाच रंग लावलेल्या चित्रांत तर रंगाच्या उंचसखलपणावरूनच आकार ओळखू येतात. उंचवट्यांचे शेंडे दबलेले असतील, तर रंग पुरता सुकण्याआधी चित्र बांधलं गेलं असेल, नाहीतर मागून नवा कॅनव्हास इस्त्रीच्या उष्णतेने चिकटवला असेल. दोन्हींत किंमत उतरते.

सही भिंगातून पाहा. सहीचा रंग जुन्या भेगांत उतरला असेल, तर ती भेगा पडल्यावर केलेली आहे. अतिनील टॉर्चखाली नंतरची डागडुजी बहुधा काळपट दिसते. पण वरून व्हार्निश असेल तर ती लपू शकते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. चित्र उलटून लेबलं, खिळे, कॅनव्हासचा रंग पाहा आणि पावतीवरची मापं स्वतः मोजा.

दर चौरस इंचाने सांगितला जातो. २४ × ३६ इंच म्हणजे ८६४ चौरस इंच. हिशेब सोपा, पण आळशी. त्याच चित्रकाराची, त्याच काळातली, त्याच माध्यमातली चित्रं ताडून पाहा. कागदावरचं काम कॅनव्हासच्या भावाने मोजू नका. लिलावाच्या जाहीर आकड्यात बहुतेक वेळा खरेदीदाराचं शुल्क धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हातात त्याहून कमी पडतं. विम्यासाठीचं मूल्यांकन विक्रीच्या भावापेक्षा चढं असतं, तेव्हा मूल्यांकन कशासाठी आणि कोणत्या तारखेला केलं, हे लेखी घ्या.

तैलरंगाचा जाड थर वरून सुकलेला वाटला तरी आतून कित्येक वर्षं मऊ राहतो. बबल रॅप थेट लावलात तर फुगवट्यांचे गोल ठसे उमटतात. उन्हाळ्यात ॲक्रिलिकही मऊ पडतं आणि धूळ धरतं.

कोकणपट्टीत खरा शत्रू पावसाळा. पावसाचा मारा खाणारी भिंत आणि न्हाणीघराची भिंत टाळा, फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून सेंटीमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हे पुस्तकी माप. रात्री एसी आणि दिवसा दमट हवा अशा रोजच्या हेलकाव्यापेक्षा स्थिर ६० टक्के बरे. ६५ च्या वर बुरशीचा धोका वाढत जातो. प्रकाश २०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवा.

धूळ झटकायला शेळीच्या केसांचा मऊ, कोरडा ब्रश घ्या आणि वरून खाली हलका फिरवा. पिसांचा झाडू उंचवट्यांत अडकून रंग तोडतो. ओलं फडकं नकोच: पाणी भेगांतून आत गेलं की कॅनव्हास आणि रंगाखालचं अस्तर फुगतं-आकसतं आणि रंग सुटतो. पोपडा पडलाच तर घरचा गोंद लावू नका. चित्र उताणं आडवं ठेवा, तुकडा डबीत जपा, जागेचा फोटो घ्या आणि कंझर्व्हेटरला, म्हणजे चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवा.