स्लॅब टाकण्याआधी घराच्या विजेचा आराखडा

कोल्हापुरात घर बांधायला काढले की नकाशा, परवानगी, पाया, स्लॅब असा विचार होत जातो आणि विजेचा विषय बहुधा गिलाव्याच्या वेळी निघतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण छतातल्या पंख्यांचे बॉक्स आणि पाइप स्लॅबच्या सळ्यांबरोबरच बसवावे लागतात. काँक्रीट ओतल्यावर त्यांत बदल करायचा म्हणजे छत फोडायचे किंवा पाइप उघड्यावरून न्यायचा. म्हणून सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबचा तात्पुरता साचा, लागण्यापूर्वी विजेचा आराखडा कागदावर तयार हवा, आणि तो परवानाधारक ठेकेदाराला दाखवून घेतलेला हवा.

आराखड्याची सुरुवात दिव्यांपासून नव्हे, फर्निचरपासून करावी. पलंग, कपाट, टीव्ही, जेवणाचे टेबल हे सारे नकाशावर मापाने काढावे आणि दार कोणत्या बाजूला उघडते तेही दाखवावे, म्हणजे स्विचबोर्ड दाराच्या पाठीमागे जात नाही. जिन्याला व झोपण्याच्या खोलीला टू-वे, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करता येणारे, स्विच द्यावेत. सर्वांत जास्त वेळ स्वयंपाकघराला द्यावा, आणि तिथे रोज काम करणाऱ्या माणसाला शेजारी बसवूनच प्लगच्या जागा ठरवाव्यात. आमच्या घरी हे झाले नाही. मिक्सरचा प्लग सिंकच्या अगदी शेजारी आला, त्यामुळे वाटण काढताना आई वायर ओल्या सिंकवरून ओढून घेत असे, आणि ते पाहून दर वेळी काळजात धस्स होई. अखेर नव्या टाइल्स फोडून तो प्लग हलवावा लागला. मिक्सर, इंडक्शन, फ्रिज, वॉटर प्युरिफायर आणि चिमणी यांना आपापला प्लग हवा. ओट्यावरचे प्लग ओट्यापासून साधारण फूटभर उंच आणि शेगडी व सिंक यांच्यापासून बाजूला असावेत. देवघराचा दिवा आणि पाण्याच्या मोटरचा स्टार्टर या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात.

जागा ठरल्यावर भाराचा हिशेब करावा. २३० व्होल्टवर २ किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, तेवढ्याच वॅटची इंडक्शन शेगडीही तेवढेच घेते, आणि दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो. सकाळी हे तिन्ही एकाच वेळी चालू असू शकतात. त्यामुळे प्रत्येकाला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र सर्किट असावे. दिव्या-पंख्यांना १.५, पॉवर प्लगला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ही घरातली रूढ मापे आहेत. एमसीबी, म्हणजे भार मर्यादेबाहेर जाताच आपोआप पडून वीज तोडणारा स्विच, तारेचे रक्षण करण्यासाठी असतो. वारंवार पडतो म्हणून १० अँपिअरच्या जागी २० अँपिअरचा बसवला, तर तार भिंतीच्या आत तापत राहते आणि बाहेर काहीच कळत नाही. एकूण भार जास्त निघाला तर थ्री-फेज जोडणीविषयी महावितरणकडे बांधकाम सुरू असतानाच चौकशी करावी.

आपल्या शहरात पुराचा विचार याच टप्प्यावर करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. सुतारवाडा, दुधाळी किंवा शाहूपुरीच्या सखल भागात घर असेल, तर शेजाऱ्यांना विचारून पाण्याची खूण भिंतीवर आखून घ्यावी. मुख्य बोर्ड आणि इन्व्हर्टरची बॅटरी त्या खुणेच्या वर, शक्यतो पहिल्या मजल्यावर न्यावी आणि मीटरची जागा महावितरणच्या संमतीने ठरवावी. तळमजल्याचे पाइप फरशीखालून न नेता छतातून खाली उतरवावेत. तळमजल्याची सर्व सर्किटे वेगळ्या मेन स्विचवर घ्यावीत, म्हणजे पाणी चढू लागताच तेवढा भाग बंद करता येतो. मीटरपर्यंत पाणी आले असेल तर मात्र कशालाही हात न लावता पुरवठा बंद करण्यासाठी महावितरणला कळवावे.

जीव वाचवणारे उपकरण म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी; वीज कुठे गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. संपूर्ण घराला एकच बसवला, तर पावसाळ्यात बाहेरच्या एखाद्या दिव्यात ओल शिरली तरी सगळे घर अंधारात जाते. मग कंटाळून लोक तो काढून टाकतात, आणि हे फार घातक आहे. निदान दोन बसवावेत, आणि गच्ची, अंगण, मोटर यांची सर्किटे त्यांतल्या एकावर वेगळी घ्यावीत. दोघांच्या न्यूट्रल (परतीच्या) तारा कोठेही एकत्र येता कामा नयेत. गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या अर्थिंगची जागाही पायाच्या वेळीच ठरवावी. माळावरच्या मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही, म्हणून अर्थिंगचा रोध एप्रिल-मेमध्येही मोजून घ्यावा.

पेठांमधल्या जुन्या घराचे नूतनीकरण असेल, तर आधी जुने वायरिंग उघडून पाहावे. अ‍ॅल्युमिनियमची तार, लाकडी पट्टी आणि अर्थिंगचा अभाव आढळला, तर ठिगळे न लावता सारे नव्याने करावे. मातीच्या किंवा भार पेलणाऱ्या भिंतीत आडवी झिरी मारू नये; तिथे भिंतीवरून नेलेला पाइपच बरा.

पुढच्या गरजांसाठी रिकामे पाइप आत्ताच टाकावेत. गच्चीपासून मीटरपर्यंत सौर पॅनेलसाठी एक आणि मुख्य बोर्डापासून वाहनतळापर्यंत चार्जरसाठी एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्यामुळे आज नको वाटले तरी ही गरज लवकरच येईल. इंटरनेट आणि कॅमेऱ्याच्या केबल विजेच्या पाइपमधून नेऊ नयेत.

स्लॅबच्या आदल्या दिवशी आराखडा हातात घेऊन सेंट्रिंगवर चढावे आणि एकेक बॉक्स मोजावा. पाइपचे सांधे चिकटवलेले आहेत का, बॉक्सची तोंडे कागद किंवा थर्माकोलने बंद आहेत का, हे पाहावे, नाहीतर सिमेंटचे पाणी आत जाऊन पाइप कायमचा बुजतो. मोजमापाची टेप शेजारी ठेवून प्रत्येक खोलीच्या पाइपांचे फोटो काढावेत. काँक्रीट ओतताना वायरमन जागेवर हजर असावा, कारण व्हायब्रेटरच्या धक्क्याने एखादा सांधा निसटला तर तो तेवढ्या काही मिनिटांतच पुन्हा बसवता येतो.