३८१६५४७२९ : अर्ध्या पानावर शोधून काढायची संख्या

अडतीस कोटी सोळा लाख चौपन्न हजार सातशे एकोणतीस. यात १ ते ९ हे अंक एकेकदाच आले आहेत. डावीकडून पहिले दोन अंक घ्या (३८), २ ने भाग जातो. तीन घ्या (३८१), ३ ने जातो. ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, असं थेट ९ पर्यंत. नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्यांत अशी संख्या ही एकच. ती शोधायला शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात.

नऊ चौकटी आखा. शून्य नाही, म्हणून पाचव्या चौकटीत ५ च. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक हवा. चारही सम अंक तिथेच संपतात. राहिलेल्या चार चौकटी १, ३, ७, ९ च्या.

आता ४ ची कसोटी. तिसरा अंक विषम आहे, आणि विषम दशकापुढे २ किंवा ६ असेल तरच ४ ने भाग जातो (१२, १६, ३२, ३६). म्हणून चौथा अंक २ किंवा ६. आठव्याचंही तेच. मग ४ आणि ८ दुसऱ्या व सहाव्या जागी.

पहिल्या तीन अंकांची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांचीही. म्हणजे मधल्या तिघांचीही तशीच हवी. इथे दोनच पर्याय उरतात: २५८ किंवा ६५४.

८ साठी एरवी शेवटचे तीन अंक बघतात. इथे सहावा अंक सम, म्हणजे शतकाचा भाग २०० च्या पटीत, म्हणून सातवा-आठवा बघितला की झालं. हीच सवय दुसऱ्या कोड्यात नेली तर मात्र फसाल.

२५८ घेतलं तर आठवा अंक ६, सातवा ९, आणि सुरुवात १४७ किंवा ७४१. ६५४ घेतलं तर आठवा २, सातवा ३ किंवा ७, आणि आठ संख्या उरतात. एकूण दहा. यांच्या पहिल्या सात अंकांना ७ ने भागून बघायचं.

सरळ भागाकार करा, नाहीतर उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून पालटून वजा-अधिक करा. ३८१६५४७ साठी: ५४७ − ८१६ + ३ = −२६६, म्हणजे ७ × ३८, फक्त उणे चिन्हासह. (१००१ ला ७ ने भाग जातो, म्हणून हे चालतं.) हमखास चूक इथेच होते: आपण लाखाच्या सवयीने ३८,१६,५४७ असे स्वल्पविराम देतो आणि तेच गट धरतो. ३,८१६,५४७ असं तोडा. बाकी नऊ जणी इथे गळतात. शेवटची चौकट आपोआप ९. सगळ्या अंकांची बेरीज ४५, त्यामुळे ९ ची कसोटी वेगळी करायला नको. शेवटी शून्य जोडलं की ३८१६५४७२९० ला १० नेही भाग जातो.

शून्य घ्यायची आणि अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर ही साखळी २५ अंकांपर्यंत जाते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. पुढे एकही अंक जोडता येत नाही. दहाच अंक हाताशी, आणि २६ ची पट त्यांतल्या एकानेही साधत नाही. ही संख्या एक्सेलमध्ये तपासू नका. तिथे पहिले १५ अंकच टिकतात, पुढे शून्यं होतात. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ती पूर्ण राहते.