आईच्या गोळ्यांचा गोंधळ असा सुटला

आईची थायरॉइडची गोळी कधी चहासोबत, कधी कॅल्शियमच्या गोळीबरोबरच घेतली जायची. खरं तर ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने आणि कॅल्शियम ४ तासांच्या अंतराने. डॉक्टरांनी हे समजावल्यावर मी सगळ्या गोळ्यांचा एकत्र डबाच बंद केला. थायरॉइडची बाटली आता तिच्या उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ असते. कॅल्शियम स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरणीशेजारी; रात्री जेवताना आपसूक हात जातो. गोळी घेतली की आई स्वतःच कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने खूण करते. "घेतलीस का गं?" यावरून रोज होणारी कुरबुर त्या खुणेनेच थांबली. वयस्कर माणसाला सारखं विचारलं की राग येतो, आणि तो रास्तच आहे.