शिक्षकावर विश्वकोशात नोंद असावी का, हे कसे ठरवावे

ज्या शिक्षकांनी आपल्याला घडवले त्यांच्यावर विश्वकोशात नोंद असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लिहायला बसण्यापूर्वी ते किती चांगले शिकवत, हा प्रश्न बाजूला ठेवून, त्यांच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांनी त्यांच्याविषयी काय आणि किती लिहून ठेवले आहे, हे पाहावे लागते. विकिपीडियावर यालाच उल्लेखनीयता म्हणतात. नोंद नाकारली गेली म्हणून शिक्षक लहान ठरत नाही, हे आधीच मनाशी पक्के करावे.

प्रथम मिळतील तेवढी कात्रणे, लेख आणि पुस्तके गोळा करून ती हातात पेन्सिल घेऊन वाचावीत. समजा, एखाद्या वृत्तपत्रात शिक्षकावर अर्धे पान मजकूर आला आहे. त्यातील शिक्षकाची स्वतःची विधाने खोडावीत, संस्थाचालकांचे व माजी विद्यार्थ्यांचे गौरवोद्गार खोडावेत, समारंभाला कोण कोण उपस्थित होते तो परिच्छेदही खोडावा. आणि मग वार्ताहराने स्वतः शोधून, पडताळून लिहिलेले किती उरते, ते पाहावे. दोनच ओळी उरल्या, तर ते कात्रण एखाद्या तपशिलाला आधार म्हणून चालेल, उल्लेखनीयतेचा पुरावा म्हणून चालणार नाही. या कसोटीला उतरणारे आणि एकमेकांची नक्कल नसलेले दोन-तीन सविस्तर स्रोत हाती असतील, तर पुढे जाण्यास हरकत नसावी. निवृत्तीच्या वेळची गौरविका, शाळेची स्मरणिका आणि आत्मचरित्र यांतून सेवाकालासारखी माहिती घेता येते, पण पारड्यात त्यांचे वजन धरू नये.

विद्यार्थ्याची कीर्ती शिक्षकाच्या नावावर जमा होत नाही. ॲन सलिव्हन १८८७ मध्ये हेलन केलर यांना शिकवू लागल्या. सलिव्हन यांच्यावर स्वतंत्र नोंद शोभते, कारण दृष्टी व श्रवण गमावलेल्या मुलीच्या तळहातावर अक्षरे जुळवून त्यांनी भाषा कशी शिकवली, यावर इतरांनी विपुल लिहिले आहे.

विद्यापीठातील प्राध्यापकांसाठी इंग्रजी विकिपीडियावर वेगळे निकष आहेत. संशोधनाचा त्या विषयावरील ठळक प्रभाव, राष्ट्रीय पातळीवरचा प्रतिष्ठित पुरस्कार, मोठ्या विद्वत्संस्थेचे सर्वोच्च पद यांपैकी एकही बाब विश्वसनीय स्रोतांतून सिद्ध झाली तरी पुरते. तरीही चूक होते. भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील नोंदीचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा संदर्भांअभावी नाकारला गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. वास्तविक २०१३ मध्येच त्या ऑप्टिकल सोसायटी या प्रकाशशास्त्रातील मोठ्या विद्वत्संस्थेच्या अध्यक्ष होत्या. म्हणून मसुद्यात कोणते संदर्भ जोडले आहेत एवढ्यावर थांबू नये. जगात कोणते उपलब्ध आहेत, याचा शोध नकार देण्यापूर्वी तपासणाऱ्याने स्वतः घ्यावा. माझ्या मते नवख्या लेखकाप्रती एवढे कर्तव्य तरी पाळलेच पाहिजे.

एकाच घटनेमुळे चर्चेत आलेल्या हयात शिक्षकाबाबत अधिक सावध राहावे. तेथे त्या घटनेवरील लेखात उल्लेख बहुधा पुरेसा असतो. पुरावा थोडा कमी पडत असेल, तर शाळेवरील लेखात संदर्भासह एक परिच्छेद लिहावा आणि कात्रणे तारीख व पृष्ठ क्रमांकासह जपून ठेवावीत, म्हणजे पुढे एखादे चरित्र किंवा अभ्यासग्रंथ निघाल्यास त्याच परिच्छेदातून स्वतंत्र नोंद उभी करता येते.