उन्हाळी भाज्यांचे बी उगवत नसेल, तर या चुका टाळा

फाल्गुन लागला की ठाण्या-नवी मुंबईतल्या गच्च्यांवर आणि गॅलऱ्यांमध्ये भेंडी, गवार, काकडी, दुधी आणि लाल माठाची पेरणी सुरू होते. आठवडा उलटूनही काहीच उगवले नाही की दोष सर्रास बियाण्याला दिला जातो. दुसरे पाकीट आणण्यापूर्वी भेंडीचे एखादे बी हलक्या हाताने उकरून पाहावे, कारण चूक कोठे झाली हे बहुधा तेच सांगते.

बी मऊ पडून कुजले असेल, तर पाणी जास्त झाले आहे किंवा कुंडीच्या तळाचे छिद्र बुजले आहे. ते कोरडे, टणक असेल, तर ओल आतपर्यंत पोहोचलेली नाही. म्हणून भेंडी रात्रभर आणि जाड टरफलाचे कारल्याचे बी साधारण 24 तास भिजवावे. औषध लावलेले रंगीत बियाणे मात्र भिजवू नये आणि उघड्या हाताने हाताळूही नये. बी जागेवरच नसेल, तर ते मुंग्यांनी किंवा कबुतरांनी नेले असणार. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरल्यास कबुतरांचा तरी बंदोबस्त होतो.

सर्वांत जास्त नुकसान मात्र मातीच्या पापडीमुळे होते. नर्सरीतली लाल माती कुंडीत नुसतीच भरून तिच्यावर मगने पाणी ओतले की वरचा थर बसतो आणि उन्हात कडक होतो. भेंडीचा अंकुर मान वाकवून वर येत असतो. तो या थराखाली अडकला की तिथेच पिवळा पडतो किंवा मोडतो. माती, शेणखत आणि दोन-तीनदा धुऊन खार काढलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या प्रमाणात मिसळावे आणि पाणी बारीक छिद्रांच्या झारीनेच घालावे. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरावे. लाल माठाचे बी वाळूत मिसळून भुरभुरावे आणि वर मातीचा पातळ थर द्यावा.

उगवलेली रोपे बुंध्याशी बारीक होऊन कोलमडत असतील, तर तो बुरशीचा रोग आहे. दाट रोपे विरळ करावीत आणि माती वरून सुकल्याशिवाय पाणी देऊ नये.

काकडी आणि दुधी यांच्या मुळांना धक्का सोसत नाही, त्यामुळे ती मोठ्या कुंडीत जागेवरच पेरावीत. पालक-मेथीचा आग्रह मार्चनंतर धरू नये. कोथिंबीर हवीच असेल, तर धने रगडून त्यांचे दोन भाग करावेत आणि दुपारी सावली असलेल्या पूर्वेकडच्या गॅलरीत पेरावेत.