मॉरिशसला घर भाड्याने घेताय? आधी छत बघा

मॉरिशसला नोकरीला येणारे आपले लोक घर बघताना पहिलं विचारतात समुद्र किती लांब, मी म्हणेन आधी मान वर करा आणि छत बघा.

इथली जुनी घरं लाकडाची, उतरतं छप्पर आणि पुढे लांबलचक वरांडा, त्याला इथे लाव्हारांग म्हणतात, आपल्या कोकणातली पडवीच समजा. मोका गावचं युरेका घर १८३० चं, १०९ दारं आहेत त्याला, एकदा भर दुपारी तिथे जाऊन याच, वारा घरातून कसा खेळवायचा ते आपोआप कळतं. पण १९६० च्या सुरुवातीला आलिक्स आणि कॅरोल ही दोन चक्रीवादळं लागोपाठ आली, असंख्य घरं गेली आणि लोकांनी काँक्रीट धरलं ते आजपर्यंत. म्हणून जिकडेतिकडे सपाट स्लॅब आणि वरच्या मजल्यासाठी सोडून ठेवलेल्या सळया दिसतात.

स्लॅबचं घर सकाळी बघू नका, उन्हाळ्यात संध्याकाळी सातनंतर जा आणि स्टुलावर चढून छताला हात लावा. माझ्या पहिल्या घरात रात्री दहालासुद्धा छत कोमट लागायचं, पंखा लावला की तीच गरम हवा अंगावर. मालक वर पांढरा वॉटरप्रूफ रंग मारून देतो का विचारा, खरंच फरक पडतो. सिलिंगच्या कोपऱ्यात पिवळे डाग असतील तर गच्चीवर जाऊन सळयांची बुडं बघा, गंज असेल तर पाणी तिथूनही झिरपत असणार.

पत्र्याचं घर असेल तर स्क्रू तपासा, आणि वरांड्याचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं असेल तर फार चांगलं, वादळात ते उडालं तरी बाकीचं वाचायची आशा असते.

दिशेचं गणित मात्र इथे उलटं हं! आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यात ऊन उत्तरेकडून येतं, आणि वारा बहुतेक आग्नेयेकडून, तिकडे खिडकी हवीच. क्यूरपीपला उंचावर थंड पण ओल फार, कपाटात बुरशी धरते, पश्चिम किनाऱ्याला कोरडं आणि गरम.

वादळाचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. शटर आहेत एवढं ऐकून गप्प बसू नका, मालकासमोर प्रत्येक शटर स्वतः ओढून, कडी लावून बघा.