फीमेल कुत्रीचा कोट, म्हणजे अंगावरचे केस, गळतोय? निदान या चुका तरी करू नका

ग्रूमिंगसाठी फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "हिचे केस मूठमूठ निघतायत, कुठला शॅम्पू लावू?" मी विचारते शेवटची हीट कधी झाली, म्हणजे माजावर कधी आली होती, तर कुणालाच आठवत नाही. अहो, तारीख लिहून ठेवा ना! हीटनंतर साधारण दोन ते चार महिन्यांनी बऱ्याच फीमेल कोट सोडतात. पिल्लं झाली असतील तर बाळंतपणानंतर दीड-तीन महिन्यांत, आणि तेव्हा जरा जास्तच. मेटिंग झालं नसलं तरी हे होतं, कारण कुत्रीच्या अंगात गाभण असो वा नसो प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन दोनेक महिने चढलेलंच असतं, ते उतरलं की वाढ थांबलेले केस एकदमच सुटतात. शॅम्पूचा इथे काहीच संबंध नाही.

आता माझं डोकं फिरवणारी चूक, झिरो कट, म्हणजे मशीनने केस अगदी कातडीपर्यंत उतरवणं. एक पोमेरेनियन आली होती, पिल्लांचं दूध नुकतंच तुटलेलं, शेपटीची काडी झालेली. मालकांना कुणीतरी सांगितलेलं की एकदा सफाचट केलं की केस दाट येतात. मी नाही म्हटलं तर दुसरीकडे जाऊन करून आले. काही महिन्यांनी परत आली तेव्हा मानेवर, पायांवर केस होते आणि पाठ-मांड्यांवर नुसती लोकर, मध्ये काळपट कातडी. पोमेरेनियन, हस्की, चाऊ या जातींत मशीन फिरवल्यावर केस परत वाढायचे अडून बसतात हे नेहमीचंच आहे, वर्षभर किंवा जास्तही लागतं, आणि इथे तर बाळंतपणाची गळती आधीच चालू होती. केस परत आले, पण तोवर त्या बिचारीला उन्हात न्यायची सोय नव्हती.

मी काय करते तर मशीन बाजूला ठेवते. डाव्या हाताने केस वर दाबून धरायचे, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे, मग तिथून थोडे थोडे केस खाली सोडत विंचरायचं, पोटाकडून पाठीकडे चढत जायचं. मग कोमट पाण्याने अंघोळ, ब्लोअर, परत कंगवा. मेलेला अंडरकोट, म्हणजे आतली मऊ लोकर, ढिगाने निघतो. वेळ लागतो, हो. ज्यांना वीस मिनिटांत उरकायचंय त्यांनी लांब केसांची कुत्री घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं म्हणजे कॅल्शियम. "गाभण आहे, केस जातील, म्हणून आत्तापासूनच देतोय." व्हेटने (जनावरांच्या डॉक्टरने) सांगितल्याशिवाय नको! गाभणपणात वरून कॅल्शियम ओतलं की शरीर स्वतःच्या हाडातून ते काढायचं विसरतं, मग दूध सुरू झालं की रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येऊ शकतं, थरथर, झटके, जिवावर बेततं. केसांना त्याने काही होत नाही. त्यापेक्षा शेवटच्या तीन आठवड्यांपासून दूध तुटेपर्यंत चांगलं पपी फूड, थोडं थोडं, जास्त वेळा.

कच्च्या अंड्याचा पांढरा भाग रोज घालू नका, त्याने बायोटिन हे जीवनसत्त्व अडतं, उकडून द्या.

स्पे (पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं ऑपरेशन) केल्यावर कॉकर, आयरिश सेटरचा कोट लोकरीसारखा होतो. तो आजार नाही, विंचरणं वाढवा.

खाज, लाली, गोल चट्टे असतील तर "हार्मोन्स असतील" म्हणत बसू नका. हार्मोनची गळती सहसा खाजत नाही, त्यामुळे आधी स्किन स्क्रेपिंग, म्हणजे कातडी खरवडून केलेली तपासणी, करून घ्या. दोन्ही बाजूंना सारखेच केस जातायत, वजन वाढतंय, सुस्ती आहे तर थायरॉइड तपासा. हीटनंतर महिना-दोन महिन्यांत पाणी खूप प्यायला लागली, मलूल झाली किंवा खालून स्राव दिसला तर कोट राहू द्या, त्याच दिवशी व्हेट गाठा, गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

आणि घरात कुणी इस्ट्रोजेन हार्मोनचं क्रीम हातावर लावत असेल तर कुत्रीला ते चाटू देऊ नका. स्पे झालेल्या फीमेलचे केस जाऊन योनी सुजलेली दिसली तर व्हेटला त्या क्रीमबद्दल आपणहून सांगा, नाहीतर तपासण्यांवर तपासण्या होत राहतात. क्रीम कपड्याने झाकलेल्या जागी लावायचं, हात धुवायचे आणि मगच तिला जवळ घ्यायचं.